कुत्रा चावल्यानंतर भरपाई: पहिल्या तासापासून दाव्यापर्यंत

कुत्रा चावला की माणूस आधी जखमेकडे बघतो, मग कुत्र्याच्या मालकाकडे. आणि मालक हमखास म्हणतो, "आमचा कधीच चावत नाही हो." माझ्या पोटरीतून रक्त ओघळत होतं तेव्हा मलाही हेच ऐकायला मिळालं आणि मी चक्क मान डोलावली. मालक तसे भले होते, पहिल्या दिवसाचं बिल त्यांनी लगेच दिलं. दहा दिवसांनी बाकीच्या खर्चाचा विषय काढला तेव्हा मात्र "तुम्हीच त्याच्या शेपटीवर पाय दिलात" असं नवंच काहीतरी निघालं. माझ्याकडे ना फोटो, ना साक्षीदार. दवाखान्याच्या कागदावर 'डाव्या पायाला जखम' एवढंच. कुत्र्याचा उल्लेखसुद्धा नाही.

पुढे ओळखीतल्या काही जणांचे दाव्याचे कागद जुळवून देताना लक्षात आलं, की प्रत्येकाचं घोडं साधारण तिथंच अडतं. कुणाचं कुत्रं, कुठं, कधी आणि किती इजा, या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतात. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत जितकी सहज मिळतात तितकी पुढे मिळत नाहीत. म्हणून खाली सुरुवातीच्या दिवसांबद्दल जास्त लिहिलंय आणि कोर्टाबद्दल कमी.

आधी नळ, मग मोबाइल

जखम वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही पंधरा वाटतात. फोटोसाठी धुणं लांबवू नका. वर कसलाही घरगुती लेप लावू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण लक्षणांआधी लस वेळेवर पडली तर तो रोखता येतो. तेव्हा भरपाई वगैरे सगळं नंतर.

दवाखान्यात डॉक्टर चाव्याचा वर्ग ठरवतात. शाबूत कातडीवर नुसतं चाटलं तर पहिला, रक्त न येता ओरखडा किंवा उघड्या कातडीवर कुरतडल्याची खूण असेल तर दुसरा, कातडी फाटून दात आत गेले तर तिसरा. तिसऱ्या वर्गात लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं, टोचतात, धनुर्वाताचंही बघतात. अशा जखमेला बऱ्याचदा लगेच टाके घालत नाहीत. हे भरपाईसाठीही लक्षात ठेवा, कारण उघडी राहिलेली जखम भरायला वेळ घेते आणि व्रण मोठा राहू शकतो. पहिल्या आठवड्यात दिसणारा खर्च हा पूर्ण खर्च नसतो, तो यामुळेच.

केस पेपर हातात आला की तिथंच, दवाखान्याच्या दारातून बाहेर पडण्याआधी वाचा. त्यावर 'कुत्र्याचा चावा' हे शब्द हवेत. तारीख-वेळ, शरीराचा भाग आणि बाजू, दातांच्या खुणा किती, सर्वांत मोठ्या जखमेची लांबी-खोली, चाव्याचा वर्ग, आणि कुत्रं पाळीव होतं की भटकं, हेही हवं. डॉक्टर घाईत असतात, मुद्दाम कुणी गाळत नाही. नम्रपणे म्हणायचं, "डॉक्टर, हे भरपाईसाठी लागणार आहे, खुणा मोजून लिहाल का?" मी हे तीन आठवड्यांनी विचारायला गेलो तेव्हा जखमेवर खपली धरली होती आणि डॉक्टरही बदलले होते.

लसीचे सगळे डोस ठरल्या तारखांना घ्या आणि कार्डावर प्रत्येक तारखेपुढे सही घ्या. मधला डोस चुकला तर जिवाला धोका आहेच, शिवाय समोरच्याला "यांनी स्वतःच हयगय केली" म्हणायला आयती जागा मिळते.

पट्टी ठेवून फोटो

जखम धुऊन झाल्यावर आणि पट्टी बांधण्याआधी फोटो काढा. एक लांबून, म्हणजे कुठला पाय ते कळावं. एक जवळून, जखमेशेजारी शाळेतली साधी मोजपट्टी धरून. मग पहिला महिनाभर दर तीन-चार दिवसांनी, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. जखम काळीनिळी पडते, सुजते, भरते, व्रण राहतो, हा सगळा क्रम त्यातून दिसतो. फाटलेली पँट किंवा बाही धुऊ नका, टाकू नका. कागदी पिशवीत घालून ठेवा.

मोजपट्टीचा एवढा आग्रह का, ते पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या २०२३ मधल्या निकालावरून कळेल. भटक्या जनावरांमुळे झालेल्या अपघातांच्या १९३ याचिका एकत्र निकाली काढताना न्यायालयानं कुत्र्याच्या चाव्याचा दरच बांधून दिला: दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटीमीटरला किमान २०,००० रुपये. ०.२ सेंटीमीटर म्हणजे पट्टीवरच्या दोन बारीक रेघा. चार खुणा आणि १ सेंटीमीटर मांस निघालेली जखम असेल, तर या हिशेबानं खुणांचे ४०,००० आणि मांसाचे १,००,००० होतात. हा दर पंजाब, हरियाणा आणि चंडीगडपुरता आहे. पण दुसरीकडे दावा करतानाही न्यायालय काय मोजतं याचा अंदाज येतो, आणि फोटोत पट्टी नसेल तर मोजायचं काय?

कुत्रं कुणाचं हे आजच शोधा

मालकाचं नाव, पत्ता, फोन. त्या वेळी साखळी कुणाच्या हातात होती. साखळी होती का. कुत्र्याचा रंग, आकार, गळ्यातला पट्टा. लसीकरणाचं कार्ड मागा आणि त्याचा फोटो घ्या. ते उपचारालाही लागतं आणि मालकी सिद्ध करायलाही. बघ्यांपैकी दोघांचे नंबर घ्या. "नंतर बोलू" म्हणणारा साक्षीदार नंतर सापडत नाही, हा माझा अनुभव.

आसपास सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी लेखी मागणी करा. बहुतेक यंत्रणांत जुनं चित्रीकरण काही दिवसांतच पुसून त्यावर नवं चढतं. तोंडी विनंतीला "बघतो" असं उत्तर मिळतं. चिठ्ठीवर पोच घेतली की माणूस खरोखर बघतो.

रागाच्या भरात कुत्र्याला मारू नका, कुणाला मारू देऊ नका. १० दिवस ते जिवंत आणि धडधाकट राहिलं तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरता येतं. ते मेलं किंवा पळालं तर ही माहितीही गेली. वर उलटी तक्रार तुमच्यावरच व्हायची.

आणि मालकाचे मेसेज जपून ठेवा. "सॉरी, मागच्या महिन्यातही त्यानं दूधवाल्याला असंच केलं होतं," असा एखादा भाबडा मेसेज पुढे फार कामाला येतो. का, ते आता बघू.

जबाबदार कोण, हे कायदा कसं ठरवतो

देशोदेशी कायदे वेगळे असले तरी साधारण तीन रीती दिसतात.

पहिली रीत चावा खाल्लेल्याला सर्वांत सोपी. चूक असो-नसो, मालक जबाबदार. जर्मनीच्या नागरी संहितेचं कलम ८३३ असंच आहे. हौसेनं पाळलेल्या जनावरानं इजा केली की पाळणारा भरपाई देतो. पोटापाण्याच्या कामासाठी ठेवलेल्या जनावराला मात्र सवलत आहे, मालकानं पुरेशी काळजी घेतली हे दाखवलं तर. स्कॉटलंडमध्ये १९८७ च्या कायद्यानं कुत्र्यांसाठी हीच रीत आहे. कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेतलं कलम ३३४२ म्हणतं, की कुत्रं आधी कधी चावलेलं नसलं तरी मालक देणं लागतो, फक्त तुम्ही सार्वजनिक जागी किंवा खासगी जागेत रीतसर असायला हवं. पण मेख अशी की हे कलम चाव्यापुरतंच आहे. कुत्रं अंगावर आलं, तुम्ही सायकलवरून पडलात आणि हात मोडला, तर तिथं निष्काळजीपणाच सिद्ध करावा लागतो.

दुसऱ्या रीतीत मालकाला कुत्र्याचा स्वभाव ठाऊक होता का, हे बघतात. अमेरिकेतल्या टेक्साससारख्या काही राज्यांत 'पहिला चावा माफ' असं जे गमतीनं म्हणतात ते यावरूनच, जरी माफी तितकी सरसकट नसली. इंग्लंडचा १९७१ चा प्राणी कायदाही बराचसा याच वाटेनं जातो: कुत्र्याचा स्वभाव जातीला न शोभेसा तापट होता, किंवा पिल्लं असताना कुत्री जशी चवताळते तसा ठरावीक प्रसंगी तो चवताळतो, आणि हे पाळणाऱ्याला माहीत होतं. इथं तो दूधवाल्याचा मेसेज सोन्याच्या मोलाचा ठरतो. "आमचा कधीच चावत नाही" हे वाक्य मालक का घोकतात, तेही कळलं असेल.

तिसरी रीत निष्काळजीपणाची, आणि ती जवळपास सगळीकडे चालते. गर्दीच्या जागी साखळी सोडली, फाटक उघडं टाकलं, न झेपणारं कुत्रं लहान मुलाच्या हाती दिलं. स्थानिक नियमांत साखळी सक्तीची असेल तर त्या नियमाची प्रत दाव्याला जोडा.

समोरून दोनच बचाव पुन्हा पुन्हा येतात: तुम्ही चिडवलंत, किंवा तुम्ही नसत्या जागी घुसलात. म्हणून तुम्ही तिथं कशासाठी होतात आणि चाव्याआधीच्या दहा सेकंदांत काय केलंत, हे त्याच रात्री स्वतःच्या शब्दांत लिहून तारीख घाला. माझ्या शेपटीच्या गोष्टीला मला एवढ्या एका पानानं उत्तर देता आलं असतं.

भटकं कुत्रं असेल तर

मालक नाही म्हणजे भरपाई नाही, असं समजून बरेच जण इथंच थांबतात. भारतात भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. ती पार पडली नाही, हा दाव्याचा कणा. वर सांगितलेल्या पंजाब-हरियाणाच्या निकालातच उच्च न्यायालयानं भरपाईची प्राथमिक जबाबदारी राज्यावर टाकली, राज्यानं ती हवी तर कसूर करणाऱ्या यंत्रणेकडून किंवा खासगी माणसाकडून वसूल करावी असं म्हटलं, आणि जिल्ह्यात उपायुक्तांच्या (म्हणजे तिथल्या जिल्हाधिकाऱ्याच्या) अध्यक्षतेखाली समित्या नेमून अर्ज ४ महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. केरळमध्ये सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली होती, तीही अशाच दाव्यांसाठी. जिथं समिती नाही तिथं स्थानिक संस्थेकडे लेखी मागणी, आणि तिला दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका किंवा दिवाणी दावा.

कसूर दाखवायला माहिती अधिकार कायदा, २००५ हाताशी आहे. अर्जात मोघम विचारू नका. त्या भागातून गेल्या वर्षभरात कुत्र्यांबद्दल किती तक्रारी आल्या, प्रत्येकीवर काय केलं, किती कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं, एवढंच मागा. उत्तरासाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते. तक्रारी येऊनही काही केलं नाही असा कागद हाती आला तर अर्धं काम झालं.

पोलिसांकडे जावं का? मालक असेल तर हो, निदान नोंद करावी. भारतात जनावराबाबत हयगय करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इंग्लंडमध्ये १९९१ च्या धोकादायक कुत्रे कायद्याखाली कुत्रं धोकादायकरीत्या बेताल होऊ देणं गुन्हा आहे, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर तो खासगी जागेतही लागू होतो. पण दंड सरकारजमा होतो, तुमच्या खिशात येत नाही. पोलिसांची नोंद ही तारीख आणि मालकी पक्की करणारा कागद म्हणून बघा. ब्रिटनमध्ये गुन्हेपीडितांसाठी सरकारी भरपाई योजना आहे, तिच्यावरही भिस्त ठेवू नका. कुत्रं मुद्दाम अंगावर सोडलं असेल तरच ती चाव्याला पैसे देते.

किती मागायचे

एक वही करा. डाव्या पानावर तारीखवार खर्च: लस, औषधं, मलमपट्टी, तपासणी, येण्याजाण्याचं भाडं, सोबत आलेल्याचा बुडालेला दिवस. उजव्या पानावर त्या दिवशी काय जमलं नाही: जिना चढता आला नाही, रात्री झोप लागली नाही, मुलाला शाळेत सोडता आलं नाही. डाव्या पानाला पावत्या लागतात, उजव्याला प्रामाणिकपणा. वेदना, व्रण आणि मनात बसलेली भीती यांची रक्कम ठरवताना न्यायालय किंवा विमा कंपनी याच दुसऱ्या पानाकडे बघते. रोजंदारीवर काम करत असाल तर कामाच्या ठिकाणाहून किती दिवस गैरहजर होतात याचं पत्र घ्या. चावा कामावर असताना बसला असेल, मग ते सामान पोचवणं असो की मीटर बघणं, तर त्याच दिवशी काम देणाऱ्याला लेखी कळवा. कुत्र्याच्या मालकाविरुद्धचा दावा वेगळा आणि कामगार म्हणून मिळणारी भरपाई वेगळी.

मग मागणीचं पत्र. त्यात विशेषणं नकोत. नमुना असा:

"दिनांक ___ रोजी संध्याकाळी सुमारे ६ वाजून ४० मिनिटांनी जिन्याजवळ आपला तपकिरी रंगाचा कुत्रा माझ्या डाव्या पोटरीला चावला. त्या वेळी तो साखळीशिवाय होता व त्याच्यासोबत आपला मुलगा होता. दातांच्या ४ खुणा असून एके ठिकाणी १ सेंटीमीटर मांस निघाले आहे. आजवरचा खर्च सोबतच्या तक्त्यात दिला असून पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत. उपचार अद्याप चालू आहेत. पुढील खर्चाचा हक्क राखून ठेवून वरील रक्कम २१ दिवसांत द्यावी ही विनंती."

'पुढील खर्चाचा हक्क राखून ठेवून' हे शब्द गाळू नका.

मालक शेजारी किंवा नातेवाईक असेल तर हे सगळं लिहायला हात धजत नाही, हे मला मान्य आहे. अशा वेळी आधी एकच प्रश्न विचारून बघा: "तुमचा विमा आहे का?" अमेरिकेत घराच्या विम्यात बऱ्याचदा कुत्र्याचा चावाही येतो. जर्मनीत बर्लिन, हांबुर्ग यांसारख्या राज्यांत कुत्रं पाळणाऱ्याला विमा सक्तीचाच आहे. पैसे कंपनीकडून येणार म्हटलं की दोन्ही घरांचा चेहरा सैल होतो.

कंपनीचा माणूस मात्र गोड बोलतो आणि लवकर बोलतो. पहिल्याच फोनवर बोलणं रेकॉर्ड करायची परवानगी मागितली तर "लेखी विचारा, लेखी उत्तर देतो" म्हणा. 'पूर्ण व अंतिम तडजोड' असं लिहिलेल्या कागदावर उपचार संपेपर्यंत सही करू नका. मालकानं औषधाचे पैसे दिले तर पावतीवर 'आंशिक रक्कम मिळाली' असं लिहून द्या.

मूल जखमी असेल तर आणखी सबुरी हवी. मुलांना चावा बऱ्याचदा चेहऱ्यावर किंवा मानेवर बसतो, आणि व्रण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. पुढे शस्त्रक्रिया लागेल का, हे त्याआधी सर्जनही ठामपणे सांगत नाहीत. दावा पालकांमार्फत होतो.

मुदत आणि वकील

मुदतीबाबत ऐकीव माहितीवर चालू नका. इंग्लंडमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षं, कॅलिफोर्नियात २ वर्षं. मुलांची मुदत दोन्हीकडे सहसा अठरावं वर्ष पुरं झाल्यावर सुरू होते. सरकारी यंत्रणेविरुद्ध गाडी लवकर सुटते: कॅलिफोर्नियात अशा दाव्याआधी ६ महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. भारतात सरकारवर दिवाणी दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे २ महिने आधी नोटीस लागते, आणि स्थानिक संस्थांच्या कायद्यांत नोटिशीचे नियम वेगळे असतात. म्हणून भटक्या कुत्र्याच्या प्रकरणात पहिल्याच महिन्यात वकिलाला गाठावं.

फी परवडत नसेल तर भारतात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग अशा आणखी काही गटांनाही तो तसाच मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा असते. खरचटण्यापुरती जखम आणि दोन-चार पावत्या असतील तर वकिलाशिवाय पत्रावरच बहुतेक वेळा भागतं. चेहरा, बोटं, सांधे, लहान मूल किंवा सरकारी यंत्रणा यातलं एक जरी असेल तर मात्र स्वतःच पत्रं लिहीत बसू नका.

वकिलाकडे, कंपनीकडे किंवा समितीपुढे जाताना मूळ केस पेपर, लसीचं कार्ड आणि पावत्या दाखवायला न्या, पण हातात प्रतीच द्या, आणि काय काय दिलं त्याच्या यादीवर पोच घ्या. ती कागदी पिशवीतली पँटसुद्धा तोवर धुऊ नका.